म्हशीच्या पोटातलं पाणी

आत्याच्या मोटरबोटीचं कागदोपत्री नाव वेगळं आहे. घरात तिला म्हैस म्हणतात. सोळा फूट लांब, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. चांगली बोट वेग आला की पाण्यावर चढते आणि सपाट होऊन घसरत जाते. म्हैस गेली सहा-सात वर्षं चढतच नव्हती. नाक वर, शेपूट पाण्यात, नुसती ढकलगाडी. इंजिन म्हातारं झालं, असा निकाल आतोबांनी दिला होता. रविवारी दहा वाजता एक हॉटेलवाला तिला न्यायला येणार होता. तो तिच्यात माती भरून दारात फुलझाडं लावणार होता.

"कुंडी!" आत्या फोनवर म्हणाली. "जिच्यावर मी सुकाणू धरायला शिकले, तिची कुंडी! निदान सीटा तरी नीट करून देऊ. लेकीला फाटक्या कपड्यांत सासरी पाठवतात का?"

मी प्रयोगशाळेत चार दिवसांची रजा टाकली.

गुरुवारी सकाळी शेडमध्ये आत्या आणि मी कामाला लागलो. सोबत टाचणी होता. हा सीटा शिवणारा, अंगाने नावासारखाच, आणि ओठांत दोन-तीन टाचण्या धरूनच बोलणारा. आतोबा देखरेखीला खुर्ची टाकून बसले. पुढच्या दोन सीटा सुटल्या. प्रत्येकीचे स्क्रू मी वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली. मागचा लांब बाक मात्र जागचा हलेना.

"एक स्क्रू राहिलाय, ताई," टाचणी मला म्हणाला.

मी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खाली शिरले. भोकं दहा, पिशवीत स्क्रू दहा.

"एकही राहिला नाही."

"मग गंजून चिकटलाय," आतोबा म्हणाले. "ती कुणाचं ऐकत नाही. या घरात कुणीच कुणाचं ऐकत नाही."

तिघांनी मिळून जोर लावला. एक कोपरा चार बोटं उचलला गेला आणि थप्पकन खाली आला. फळीवर फळी आपटली की असा आवाज येत नाही. न पिळलेली चादर बादलीत टाकली की येतो.

"बाक उलटा करा," मी म्हणाले. "कसाही करून, उलटा करा."

बाकाच्या तळाला प्लास्टिक होतं. थरावर थर, कडेने पिना ठोकून घट्ट बसवलेले. टाचणीने सुरी फिरवली आणि आमच्या चौघांच्या चपला भिजल्या.

त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "हे कुणी मारलं?"

"मी," आतोबा ताठ बसले. "दर वर्षी एक थर. खालून ओल लागू नये म्हणून."

"खालून नाहीच लागली, काका. वरून शिवणीतून आत आली. तुम्ही तिची जायची वाट बंद केलीत."

"आणि वरून दर रविवारी पाइप लावून सीटा धुवायच्या!" आत्या म्हणाली. "जगात यांच्याएवढं स्वच्छ कुणी नाही."

मी ताणकाटा मागवला. सगळ्या सीटांमधला फोम कापून, तुकड्यातुकड्याने वजन केलं: पंचाण्णव किलो. एक तुकडा पिळून, वाळवून पुन्हा तोलला आणि हिशोब मांडला. एवढा फोम कोरडा असता तर पाच किलो भरला असता. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

"नव्वद किलो पाणी. आणि जवळजवळ सगळं मागच्या टोकाला, इंजिनापाशी. आत्या, इंजिनाला काही झालंच नसेल!"

आत्या मटकन फळीवर बसली आणि हसायला लागली. "म्हणजे इतकी वर्षं आपण एक माणूस फुकट फिरवत होतो. तोही यांच्याहून जाड!"

"गणित कागदावर चढतं," आतोबा म्हणाले. "बोट पाण्यावर चढायला हवी. रविवारी दहाच्या आत चढली, तर ठेवू. पण सीटांसकट. नाहीतर म्हणाल, निम्मी बोट उतरवली आणि चढवली."

अट योग्य होती. मीही तीच घातली असती.

मग अडीच दिवस आम्ही जेवलो ते उभ्याउभ्याच. कुजलेल्या फळ्यांवरून मी नव्या आखल्या आणि प्रत्येकीला पाणी निथळायला सहा-सहा भोकं पाडली. टाचणीने पाणी न पिणारा फोम आणला. आत्या रेक्झिन उन्हात तापवून आणायची, टाचणी ते ताणून धरायचा, मी न गंजणाऱ्या पिना ठोकायचे. शनिवारी दुपारी आतोबा बगलेत प्लास्टिकची गुंडाळी घेऊन दारात उभे राहिले.

"एकच थर?"

"नाही!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

रविवारी सव्वानऊला आम्ही म्हैस पाण्यात सोडली. हॉटेलवाला लवकरच आला होता, हातात मोजपट्टी. आत्या सुकाणूवर, बाकी आम्ही तिघं नव्या बाकावर. माझ्या हातात घड्याळ होतं.

आत्याने वेगाचा दांडा पुढे लोटला. इंजिन गरजलं, नाक वर गेलं, समोर फक्त आकाश दिसायला लागलं. तीन सेकंद. चार. इथवर ती दर वेळी यायची. पाच. आतोबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

सातव्या सेकंदाला नाक खाली आलं. समोर सगळं पाणी उघडं पडलं, तळाखालचा आवाज पातळ झाला, आणि आम्ही घसरत निघालो.

"चढली!" आतोबाच सगळ्यांच्या आधी ओरडले. "अगं, चढली!"

आत्याने मागे पाहिलंही नाही. तिने हॉटेलवाल्यासमोरून एवढा मोठा वळसा घेतला की त्याची मोजपट्टी भिजली.

धक्क्याला लागलो तेव्हा तो बिचारा विचारत होता, "मग माझ्या फुलझाडांचं काय?"

आतोबांनी शेडकडे बोट दाखवलं. तिथे जुन्या फोमचा ढीग अजून टिपटिप गळत होता.

"तो घेऊन जा," ते म्हणाले. "पाणी धरून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मी स्वतः तपासलंय."