गावरान खाद्यावरची पाल

साबिराच्या पाली माझ्या पालींपेक्षा देखण्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी नक्की कशावर जळत होते ते कळेल.

तिचं घर भोरला, माझं किकवीत हायवेलगत. दोघी परदेशी पाली पाळतो, पिल्लं विकतो. भिंतीवर पळतात त्या नव्हेत. या ठिपक्यांच्या, जाड शेपटीच्या, हातावर डोळे मिटून झोपणाऱ्या. माझी लेक शिवानी पुण्यात जनावरांच्या डॉक्टरकडं कामाला लागली आणि मला घर खायला उठलं, तेव्हा तिनं एक जोडी आणून दिली. "लेक गेली, पाल आली," आमचे हे म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

एकदा मी साबिराकडं बसले होते, तर वेल्ह्याचे एक गुरुजी पिल्लू बघायला आले. ती म्हणाली, "सर, ह्याची शेपटी एकदा तुटलीया. ही नवी आलेली. पयल्यासारखी व्हायची न्हाई."

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. गुरुजींनी तेच पिल्लू घेतलं. वर आणखी एक सांगून ठेवलं. आदल्या आठवड्यात हेच गुरुजी माझ्याकडून 'विचार करतो' म्हणून गेले होते. मी त्यांना चहाबरोबर कांदाभजीही दिली होती.

तिचं पिल्लू खपलं याचं मला काही नाही. पण लोक तिच्यावर विश्वास टाकतात आणि माझ्यापुढं विचार करतात. मी काय चोर आहे?

मग मीही खरं बोलायला लागले. बेताबेतानं. "हिला एक नख नाही बघा." "हा जरा बुजरा आहे, दोन दिवस खायचा नाही." एका नखावाचून पालीचं काय अडतंय? पण ऐकणाऱ्याचा चेहरा खुलायचा. दोन पिल्लं गेली. मी दारावर पाटीच लावली: 'गावरान खाद्यावर वाढलेल्या पाली.' साबिरा डब्यात गव्हाच्या कोंड्यावर किडे पोसून घालायची. मी आमच्या भाताच्या बांधावरचे ताजे नाकतोडे धरायचे. कोंबडी गावरान म्हटली की जास्त दर मिळतो, मग पालीनं काय घोडं मारलंय?

गणपती उठले आणि माझी मोठी मादी वाळायला लागली. सुलक्षणा तिचं नाव. दुधीभोपळ्यासारखी शेपटी शेवग्याच्या शेंगेवर आली. शिटेला घाण वास. मी बामची रिकामी बाटली धुतली, नमुना घातला आणि पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिली. "औषधाचं आहे, सांभाळून," म्हटलं. शिवानीनं स्वारगेटला उतरवून घेतली.

संध्याकाळी तिचा फोन. "आई, जंत आहेत. खूप. खायला काय घालतेस?"

"नाकतोडे. ताजे, बांधावरचे."

"बांधावरून नाकतोड्याबरोबर काय काय येतं ते दिसत नाही आई. सगळ्यांनाच झाले असतील. औषध पाठवते. पुन्हा तपासून स्वच्छ निघेपर्यंत एकही विकायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साबिरा दारात. पाटी वाचून हसली.

"नूतनताई, तुमची मोठी मादी मला द्या. माझ्याकडं सगळी एकाच रक्ताची झाल्यात. भायेरून घ्यायचं तर भ्या वाटतं. तुमचं बरं, तुमी नख न्हाई तेबी सांगता."

मी चहा ठेवायला आत गेले. मनात आलं ते लिहिते. सुलक्षणा तिच्या घरी गेली तर तिथल्या सगळ्या शेपट्या शेवग्याच्या शेंगा होतील. मग बघू वेल्ह्याचे गुरुजी कुणाकडं जातात. चहा उतू गेला तरी मी तिथंच उभी.

उरलेला चहा घेऊन बाहेर आले. "साबिरा, हिला जंत आहेत. कालच कळलं. माझ्याच नाकतोड्यांनी झाले."

तिनं बशीत चहा ओतला. "व्हय. मगाशी आत येतानाच खोक्यात शेपटी बघून वाटलं मला."

"मग मागितलीस कशाला?"

"औषध दिलं की सुटतात की. आन् नवीन जनावर मी दोन म्हयने मागल्या खोलीत येगळंच ठेवते. चिमटा येगळा, पाण्याची वाटी येगळी."

"माझ्याकडचंसुद्धा?"

"तुमचं म्हणून का सोडीन, ताई?"

म्हणजे मी खोटं बोलले असते तरी तिचं काही बिघडलं नसतं. एवढा जीव काढून मी आयुष्यातलं पहिलं नुकसानीचं खरं बोलले, आणि हिच्याकडं माझ्या खोट्याचीसुद्धा तयारी होती.

"बरी झाली की न्यायला येते," ती म्हणाली. पिशवीतून कोंड्याच्या किड्यांचा डबा काढून ओट्यावर ठेवला. "तवर हे घाला. आन् ती दोन पिल्लं ज्यांच्याकडं गेली, त्यांना कळवलं?"

"कळवते."

ती गेल्यावर मी आधी पाटी काढली. मग त्या दोघांतल्या कामथडीच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. जंत, नाकतोडे, औषध, सगळं एका दमात सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत राहिले.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "साबिराताई म्हणाल्याच होत्या, नूतनताईंकडं जा, त्या काही लपवत न्हाईत."

"त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

"व्हय. दोघांनाबी. त्यांच्याकडं तवा पिल्लं नव्हती."

मी फोन ठेवला. चिमट्यात डब्यातला एक किडा धरून सुलक्षणापुढं नेला. चार दिवस तोंड न उघडलेल्या बाईनं तो लगेच घेतला, आणि दुसऱ्यासाठी माझ्याकडं बघत बसली.