मोठ्या मापाचा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा, जाड चामड्याचा, कोपरापर्यंत लांब. जुना म्हणजे फक्त वयानं. कामाचं विचाराल तर मी अजून कोराच आहे, आणि तेच माझं दुखणं आहे. इतर वस्तू तुम्हाला सांगत असतील, आम्ही राबलो, झिजलो आणि मग अडगळीत पडलो. नशीबवान आहेत बिचाऱ्या! माझ्या वाट्याला झिजणंसुद्धा आलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला शिवणारी बाई वैतागली होती. "काय मेलं चामडं आहे, सुया मोडतंय नुसत्या!" असं म्हणत तिनं मला मशीनखालून ओढून काढलं. तळव्याला दुहेरी थर, बोटांनाही दुहेरी थर. मग एकानं मला दाभण टोचून पाहिलं. ते आत गेलं नाही. झालं, मी फुशारून गेलो. आता जगातल्या कुठल्याही काट्याची खैर नाही, असं मला वाटलं. डाव्या हाताचा माझा भाऊ तेव्हाही गप्प होता. त्याला माझ्यापेक्षा अक्कल जास्त असावी.

दुकानात आम्हाला घ्यायला एका शाळेचे मुकादम आले. शाळेच्या मागं तारेच्या जाळीवर बोगनवेलीचं कुंपण माजलं होतं आणि काटेरी झुडपांनी पायवाट गिळून टाकली होती. ते सगळं साफ करायचं काम एकाच बाईकडे होतं. तिला सगळी शाळा मावशी म्हणायची. मावशी हातांवर जुने पायमोजे चढवून काटे छाटायची. हातमोजे द्या म्हणून ती कितीतरी दिवस मागं लागली होती, तेव्हा कुठं मोठ्या बाईंनी परवानगी दिली होती.

"हाताचं माप काय?" दुकानदारानं विचारलं.

"हाताला कसलं माप? मी काय चपला घेतोय?" मुकादम हसले.

"तसं नाही, वापरणार कोण?"

"आमच्या मावशी. पण मोठेच द्या. उद्या दुसरं कुणी आलं तर त्यालाही होतील."

"त्यांनाच घेऊन आला असतात तर बरं झालं असतं."

"अहो, त्या इथं आल्या तर तिथं कुंपण कोण छाटणार? तुम्ही?"

दुकानदारानं सगळ्यात मोठी जोडी काढून पुढं केली. मुकादमांनी आपला फावड्याएवढा हात माझ्यात घातला, मूठ वळली, किल्लीचं टोक टोचून पाहिलं आणि म्हणाले, "वा! एक नंबर!" मी त्यांना अगदी मापात बसलो. ज्या हातानं जन्मात एक फांदी तोडली नाही, त्या हाताला!

मावशीनं मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! तिनं माझ्यावरून हात फिरवला, मला हुंगलं, मग हळूच हात आत घातला. माझी बोटं तिच्या बोटांच्या पुढं लोंबायला लागली. "अगं बाई, यात तर माझे दोन हात मावतील!" ती हसली. आजूबाजूचेही हसले. हसण्यावारीच गेलं ते.

मित्रांनो, बोगनवेल छाटणं म्हणजे नुसतं कात्री चालवणं नव्हे. तिच्या कोवळ्या फांद्या तारेच्या जाळीत गुंततात. त्या बोटांच्या टोकांनी चाचपून एकेक सोडवाव्या लागतात. माझ्या टोकात तर बोटच नव्हतं! माझी रिकामी टोकं कात्रीच्या पात्यांत सापडायची आणि जाड चामड्यावर ओरखडाही न उठता कात्रीच अडायची. कोपरापाशी मी ढगळ, तिथून काड्या आत शिरायच्या. मावशीनं मनगटावर सुतळी बांधून पाहिली. मग माझ्या बोटांच्या टोकांत चिंध्या कोंबल्या. आता टोकं भरली, पण बोटं वाकेनात आणि कात्री हातातून निसटायला लागली.

शेवटी ती मुकादमांकडे गेली. "साहेब, लहान माप मिळेल का बदलून?"

"कमाल करता मावशी! हातमोजे नव्हते तेव्हा तक्रार, आता आहेत तरी तक्रारच. सवय लागली की होतील बरोबर."

मावशी मान खाली घालून परत आली.

पुढं शाळेत पाहुणे यायचे ठरले आणि पायवाट मोकळी करायची घाई सुटली. जाळीत एक फांदी घट्ट अडकली होती. माझ्या जाड टोकांनी ती धरता येईना. मावशीनं चिडून मला दातांनी ओढून काढलं, जमिनीवर टाकलं आणि उघड्या हातानं फांदी खेचली. काटा पहिल्या बोटाच्या सांध्यात घुसला आणि आतच मोडला. तिनं बोट तोंडात घातलं, थुंकली आणि कामाला लागली. मी तिथंच पडलेलो होतो, दुहेरी थराचा, मजबूत. काय उपयोग माझा?

बोट सुजून वांग्यासारखं झालं. डॉक्टरांनी काट्याचं टोक काढलं, पण सांधा कायमचा ताठ राहिला. बोट वाकेना, म्हणून कात्री मिटेना. आणि कात्री मिटेना म्हणजे कामच संपलं.

मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. मुकादमांनी मला टेबलावर ठेवलं. "बघा, एवढा भारी माल आणून दिला. एक ओरखडा तरी आहे का? घातलेच नाहीत यांनी."

लोकांनी मला हातोहात फिरवलं, उलटंपालटं करून पाहिलं. मोठ्या बाई हळहळल्या. "मावशी, दिलेली वस्तू वापरायला हवी होती हो."

"मोठे होत होते, बाई."

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगितलं होतं." मावशीनं मुकादमांकडे पाहिलं.

"कधी?" मुकादम म्हणाले.

मी आतून आक्रोश करत होतो. अरे, कुणीतरी हात घाला माझ्यात! चिंध्या अजून टोकांत आहेत, त्या लागतील हाताला! पण कुणी हात घातला नाही. माझं कोरेपण सगळ्यांनी पाहिलं आणि तिला खोटं ठरवलं. असला साक्षीदार मी! माझी मलाच किळस आली.

मावशी आपला डबा न्यायला शेवटची आली तेव्हा तिची सून बरोबर होती. मी अवजारांच्या खोलीत खिळ्याला लटकत होतो. तिनं मला खाली काढलं, चिंध्या उपसून फेकल्या आणि तो दुखरा हात आत सरकवला.

"बघ गं," ती सुनेला म्हणाली, "आता कसा छान बसतो. याची बोटं वाकत नव्हती, आता माझंही वाकत नाही."

"चला आई," सून म्हणाली. मावशीनं मला परत खिळ्याला अडकवलं. शाळेची वस्तू म्हणून नीट अडकवलं, हे मला जास्त लागलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला तेल लावू नका, ऊन दाखवू नका. माझी निगा राखून आता कुणाचं भलं होणार आहे? उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कुणासाठी तरी हातमोजे घ्यायला जाल. तेव्हा जिला काट्यांत हात घालायचा आहे, तिला बरोबर न्या. तिला मूठ वळू द्या, एक बारीक काडी उचलू द्या. आणि ती म्हणाली, "मोठा होतो," तर तिचं खरं माना.