खांद्यावरची वेणी आणि संशयी कंगवा

मी एक जुना कंगवा आहे, मित्रांनो. रंगाने मधासारखा, स्वभावाने संशयी. दातांत अडकेल ते तपासायचं, हाच माझा जन्मभराचा धंदा.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका लहानशा कारखान्यात प्लास्टिकचे दाणे वितळले, साच्यात गेले आणि माझा जन्म झाला. बाळांना दात येताना ताप येतो म्हणतात. मला आधी ताप आला, मग दात. बाजारात कुंदाने मला उचललं आणि नखाने टर्रर्र करून वाजवून पाहिलं.

"तुटणार नाही ना, शेठ?"

"ले जाओ बेन, लोहा है लोहा!"

तेव्हापासून मी अंबरनाथला, कुंदाच्या आरशाखालच्या फळीवर राहतो. कुंदा आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळी घट्ट अंबाडा बांधायचा, वर कंपनीची टोपी. त्याआधी लेकीच्या, अक्षदाच्या, दोन वेण्या. वेण्या घालताना ती गुणगुणायची:

फणीबाई हळू चाल, गुंता आहे रेशमाचा,
लेकीच्या गं माथ्यावर हात तिच्या माऊलीचा.

मी कंगवा असून मला फणीबाई म्हणायची. पण एवढ्या मायेने हाक मारल्यावर कोण भांडणार?

वेण्या होईपर्यंत अक्षदा मोबाईलवर ॲनिमे बघायची. तिच्या डोक्यावरून मीही बघायचो, आणि माझा तिळपापड व्हायचा. तिथल्या पोरांचे केस निळे, गुलाबी आणि भाल्यासारखे उभे. तेल नाही, पाणी नाही, आणि कंगवा तर औषधालाही नाही! पोरगा चिडला की केस पिवळे होतात आणि ताकद वाढते. बंद खोलीतही केसांना वारा लागतो. तो वारा येतो कुठून? ठोसा मारण्याआधी ठोशाचं नाव ओरडून सांगायचं, मधेच लहानपणची आठवण काढून रडायचं, आणि शत्रू बिचारा पाहुण्यासारखा थांबलेला. मला यातलं काही पटत नसे. अक्षदालाही नसे. तरी ती बघायची.

"काय ती कार्टुनं बघत बसतेस?" कुंदा म्हणायची.

"कार्टून नाही गं आई, ॲनिमे! आणि बघ, ही आई आता मरणार."

"का गं? चांगली हसतेय की."

"म्हणूनच! सैल वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली आई कधीच जगत नाही. गोड हसते, भात वाढते आणि मग थेट भिंतीवरच्या फोटोत. दरवेळी तेच! बोअर करतात."

मग एका रविवारी कुंदा आरशासमोर बसली. तिने अंबाडा बांधला नाही. सैल वेणी घातली आणि खांद्यावरून पुढे घेतली. मागे वळून गोड हसली. "भात वाढू?"

अक्षदाच्या हातातला मोबाईल तसाच राहिला.

"आई, वेणी मागे टाक."

"का? छान दिसतेय ना?"

"मागे टाक म्हटलं ना!"

मलाही संशय आला होता. काही दिवस कुंदा मला डाव्या हातात धरत होती. चुकून उजव्या हातात आलो, तर मी डोक्यापर्यंत पोचायचो नाही, तिचं डोकंच खाली वाकून माझ्याकडे यायचं. अक्षदाच्या वेण्याही वाकड्या व्हायला लागल्या होत्या. गाणं तर बंदच. पण कंगव्याला दात असतात, जीभ नसते.

अक्षदा दिवसभर आईवर नजर ठेवून होती. संध्याकाळी तिने सापळा लावला.

"आई, वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा काढ ना."

"तूच काढ. स्टूल घे."

"तुझा तर सहज हात पोचतो."

"मोठी झालीस ना आता?"

"आई, हात वर कर. दोन्ही."

डावा हात वर गेला. उजवा छातीपाशी येऊन थांबला. कुंदाचं हसू तिथेच विरलं.

"कंपनीत कळलं तर कामावरून काढतील, म्हणून बोलले नाही. अंबाडा बांधायला हात मागे जातच नाही गं. वेणी पुढे घेतली की जमतं."

अक्षदा रडली, मग चिडली. तिचे केस पिवळे मात्र झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने आईला दवाखान्यात नेलं, आणि घाईत मीही तिच्या दप्तरातून तिथे पोचलो.

"खांदा आखडलाय. व्यायाम करावा लागेल, वेळ लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मरणार नाही ना?"

"खांद्याने कुणी मरतं का बाळ?"

"वेणीने मरतात," अक्षदा गंभीरपणे म्हणाली.

कंपनीत कुंदाने स्वतःच सांगितलं. सुपरवायझर कुरकुरला, पण खोकी उचलायच्या जागेवरून तिला लेबलं चिकटवायच्या टेबलावर बसवलं. पुढे काय होईल, याची धास्ती घरात अजून आहे.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय, माझे काही दात पडलेत. एवढंच मागतो: मला धुवा, माझ्यातला गुंता काढा, आणि तो टाकण्याआधी घरात कोण कुठल्या हाताने विंचरतंय तेही एकदा बघा. आया सांगत नाहीत. संशय घ्यावा लागतो.

आता सकाळी मी अक्षदाच्या हातात असतो. अंबाडा वाकडा होतो, पिना टोचतात, कुंदा "आई गं!" म्हणते. आणि अक्षदा, मोबाईल बाजूला ठेवून, बेसूर गाते:

फणीबाई हळू चाल, गुंता आहे रेशमाचा,
आईच्या गं माथ्यावर हात तिच्या लेकीचा.