नाक्यावरचा चिदंबर

बातमी आली त्या सकाळी चिदंबर ग्राइंडरमध्ये हात घालून इडलीचं पीठ काढत होता. तिरुचीहून आलेली लष्कराची गाडी गल्लीत थांबली, दोन अधिकारी उतरले आणि दारात उभ्या असलेल्या शेजारच्या शेषम्माला त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. शेषम्मा आली होती कढीपत्ता मागायला. जन्मात तिला कुणी सॅल्यूट केला नव्हता. ती घाबरून रडायलाच लागली. आत चिदंबरला वाटलं, हिच्या चोरट्या पाण्याच्या मोटारीची तक्रार शेवटी वरपर्यंत पोचली.

"मेजर अखिला चिदंबर यांचं घर हेच ना? त्यांचे पती?"

"मीच," चिदंबर म्हणाला. अंगावर लुंगी, बनियन आणि पीठ.

त्यातला तरुण अधिकारी म्हणाला, "सर, आधी हात धुऊन या."

चिदंबरनं हात धुतले. साबण लावून, नखांतलं पीठ काढून, चांगली पाच मिनिटं. सीमेवर तीन दिवस तोफा चालल्या आहेत हे त्याला ठाऊक होतं. हात धुवायला लावणारी बातमी कसली असते तेही नळाखालीच कळलं. पण अजून कुणी तोंडानं बोललं नव्हतं, म्हणून तो धूत राहिला.

अखिला सैन्यात पूल बांधायची. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातली घरात राहिली जेमतेम तीन. चिदंबर वीज मंडळात कारकून. घर, मुलगी आणि स्वयंपाक त्याच्याकडे, देश तिच्याकडे, अशी त्यांची वाटणी होती. सुट्टीवर आली की शिट्टी वाजवत घरभर फिरायची, त्याच्या सांबाराला जेलचं सांबार म्हणायची आणि तीनदा वाढून घ्यायची. गोळा पडला तेव्हा ती पुलाच्या कामावरच होती.

चौथ्या दिवशी पेटी आली, सीलबंद. कर्नलनं चिदंबरला बाजूला घेऊन सांगितलं, उघडू नका. त्यानं उघडली नाही. बंदुका वाजल्या, अग्नी दिला. आठ वर्षांची कीर्तना रडली नाही. तिनं परत येताना एवढंच विचारलं, "आत अम्माच होती हे कुणी बघितलं?" चिदंबरनं ऐकू न आल्यासारखं केलं.

तंजावुरात माणूस गेला की संध्याकाळपर्यंत नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागतो. गेलेल्याचा फोटो, अश्रू ढाळणाऱ्यांची यादी, आणि ढाळणाऱ्यांचेही फोटो. इथल्या मराठी मंडळींचे चिटणीस वरुणराव, वय बहात्तर, यांनी ही जबाबदारी स्वतःहून उचलली. मराठा राजांबरोबर आपले पूर्वज तलवारी घेऊन इथं आले, हे ते प्रत्येक मुंजीत सांगत. त्यानंतर तीनशे वर्षं मंडळींनी हातात फक्त लेखणी आणि झारा धरला, हे मात्र सांगत नसत. आता एवढ्या काळानं मंडळींत कुणीतरी लढाईत पडलं होतं. वरुणरावांचं दुःख खरंच होतं, पण त्यात त्यांचा आनंद काही मावेना.

शेषम्माकडून त्यांनी चिदंबर-अखिलाच्या लग्नाचा फोटो मिळवला, फ्लेक्सवाल्या सुब्रह्मण्यकडे पाठवला आणि फोनवर सांगितलं, "मेजर अखिला चिदंबर. बॉर्डरवर वीरमरण. मोठा कर, बारा फुटी." सुब्रह्मण्यनं फोटो पाहिला. एक पुरुष, एक बाई, एक मेजर. त्याला विचार करायची गरजच पडली नाही.

चिदंबर अस्थी सोडून तिरुवैयारुहून ऑटोनं परत येत होता, तेव्हा मेल वीधीच्या नाक्यावर त्याला स्वतःचं दर्शन झालं. गणवेशात, छातीवर पदकं, हातात बंदूक, मागं रणगाडा. सुब्रह्मण्यनं मिशीही वाढवून दिली होती. पायाशी झेंडूचा हार. खाली उजव्या कोपऱ्यात एवढ्याशा गोलात नवरीच्या साडीतली अखिला हात जोडून, 'शोकाकुल पत्नी'. वरुणरावांचे फोटो तीन. ऑटोवाल्यानं फ्लेक्सकडे पाहिलं, आरशातून मागं पाहिलं आणि पिळ्ळैयार गणपतीचं नाव घेतलं.

चिदंबर तसाच वरुणरावांच्या घरी गेला.

"मामा, मी मेलो?"

"अरे, त्या सुब्रह्मण्यनं घोळ घातला. पण चिदंबर, खरं सांगू? शोभतोस रे!"

"आणि ती कुठंय?"

"आहे की. खाली."

"खाली हात जोडून उभी आहे, मामा. लग्नात तिनं तुम्हाला तरी नमस्कार केला होता काय?"

"नव्हता केला," वरुणराव म्हणाले. "ते मी विसरलो नाही."

"मग?"

"सरि, सरि. उद्या बदलतो."

तो उद्या काही येईना. सुब्रह्मण्यकडे लग्नसराईची गर्दी होती, आणि मेलेल्यांना घाई नसते हे त्याचं धोरण होतं. मधल्या काळात गावातल्या एका क्लबानं वीरपत्नींचा सत्कार ठेवला आणि यादीत चिदंबरलाही बोलावलं. स्टेजवर एका बाईनं कुंकवाची कुयरी घेऊन त्याच्याकडे पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी साडी, नारळ त्याच्या हातात कोंबला. साडी डाळिंबी रंगाची, रेशमी. चिदंबरनं माइकवर आभार मानले आणि ब्लाउजपीस आहे काय म्हणून विचारलं. कुणी हसलं नाही. अखिला असती तर शिट्टी मारली असती.

नाक्यावर आता लोक त्याला बघून थबकत. वीज मंडळातल्या साहेबांनी त्याला अर्ज लिहायला लावला, की मी जिवंत असून रोज कामावर येतो. चिदंबरनं तो एका प्रतीत लिहिला. साहेबांनी दोन मागितल्या.

तीन आठवड्यांनी दुसरा फ्लेक्स आला. या वेळी फोटो चिदंबरनंच दिला होता. खऱ्या गणवेशातली अखिला, डोक्यावर टोपी, समोरच्याला आता काहीतरी सुनावणार अशी नजर. नाव बरोबर, हुद्दा बरोबर, वरुणरावांचा फोटो एकच. चिदंबरनं ऑफिसातून शिडी आणली. कीर्तना दारात आडवी उभी राहिली.

"अप्पा, तो जुना काढू नको."

"का गं? मी तिथं सर्कशीतला दिसतो."

"दिसतोस. पण तू मेला नाहीस ना?"

"नाही."

"म्हणजे फ्लेक्स चुकला."

"चुकला."

"मग ते गाडीतले अंकल पण चुकले असतील. पेटी तर कुणी उघडलीच नाही."

चिदंबरनं शिडी भिंतीला टेकवली. हा विचार त्यानंही केला होता, पहिल्याच दिवशी, ऑटोत बसल्या बसल्या. वय चाळीस, शिक्षण बी. कॉम., तरी केला होता. रोज स्कूटरवरून कामाला जाताना तो आधी नाक्याकडे बघायचा. फ्लेक्स अजून चुकलेलाच आहे हे पाहून त्याला बरं वाटायचं.

पण त्याला जे माहीत होतं ते मुलीला माहीत नव्हतं. लष्करानं अखिलाचं सामान पाठवलं होतं, आणि ते त्यानं कपाटात दडवलं होतं. तो आत गेला आणि त्यातला एक स्टीलचा डबा घेऊन आला. झाकणावर त्याच्याच अक्षरात चिकटपट्टी होती: 'जेल'. अर्ध्याहून जास्त रिकामा.

"हे काय?"

"सांबारपूड. मी पाठवली होती. तिच्या खोलीतून आली. म्हणजे खोली कुणाची, घर कुठलं, नाव काय, सगळं त्यांनी नीट बघितलं, कण्णा. ते अंकल चुकले नाहीत."

कीर्तनानं बोट बुडवून चाटलं. बराच वेळ जिभेवर ठेवलं.

"आपलीच आहे," ती म्हणाली. "मेथी जास्त जालीय."

"दर वेळी होते."

"अम्मानं सांगितलं नाही?"

"दर वेळी सांगायची."

तेव्हा ती रडली. पेटी आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, नाक पुसायची शुद्ध न ठेवता. शेषम्मा कढीपत्ता मागायला आली होती. ती काही न मागता परत गेली. रडून झाल्यावर कीर्तना म्हणाली, "काढ तो. पण मी शाळेत गेल्यावर काढ."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. त्यालाही आता दोन महिने झाले. वरुणराव रोज विचारतात, "लावलास काय रे?" चिदंबर सांगतो, दोरी मिळत नाही. वीज मंडळातल्या माणसाला दोरी मिळत नाही, हे वरुणराव ऐकून घेतात आणि मिशीवर हात फिरवत निघून जातात.

नाक्यावरच्या चिदंबरचा रंग उन्हानं उडत चालला आहे. मिशी आधी गेली. अखिलाचा फ्लेक्स दारामागे गुंडाळून उभा आहे. तो लावायचा राहिला आहे.