मागचा हात

मित्रांनो, मी आग विझवायच्या बंबावरची एक जुनी नळी आहे. मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. मला आगीची भीती वाटत नाही. मला माझीच भीती वाटते.

वरून जाड कॅनव्हास, आत रबर आणि टोकाला पितळी तोंड, असं माझं अंग. दूरच्या कारखान्यात विणली गेले आणि ट्रकमधून बीड जिल्ह्यातल्या एका गावात आले. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना उगाच वाईट वाटायला नको. कोरडी असते तेव्हा मी शहाण्यासारखी गुंडाळून पडते. पण बंबाचं पाणी जोरात अंगात शिरलं, की माझं माझ्यावर काही चालत नाही. मी मागे रेटते, उसळते. एकट्या माणसाला मी आवरत नाही. म्हणून मला दोघं धरतात. एक पुढे आणि दुसरा त्याच्या पाठीला खांदा लावून मागे.

माझे दोघं म्हणजे मकसूद आणि बजरंग. पुढे मकसूद, मागे बजरंग. सरकारी खर्चाने लांबच्या शहरात आग विझवायचं शिकून आलेले फायरमन. मागून बजरंगने "हाय मी" म्हटल्याशिवाय मकसूद पाणी मागायचा नाही, अशी त्यांची रीत. कडब्याच्या गंजी विझवल्या, बाजारातली दुकानं विझवली. लोक कौतुक करत. परत आलो, की बजरंग मला धुऊन वाळत घाली आणि मकसूद माझं पितळी तोंड चिंचेने घासून लख्ख करी.

मग आमच्या अग्निशमन केंद्रातला कारकून निवृत्त झाला. केंद्राचे प्रमुख विजयसिंह साहेब मनाने वाईट नव्हते. गावाचा पैसा वाचावा म्हणून त्यांनी नवा कारकून मागितला नाही. बजरंगला संगणक येत होता, म्हणून त्याला कार्यालयात बसवलं.

मकसूद खिडकीतून चिडवायचा, "काय बे बाबू, आग लागली तर कागदानं इझवतो का?"

"गप बे. चार दिसाचं काम हाय."

चार दिवसांचं वर्ष झालं. बजरंगचे बूट टेबलाखाली धूळ खाऊ लागले. लहानसहान कामावरून आणलं, की मला आता ओलीच गुंडाळून ठेवत. अंगाला कुबट वास येऊ लागला. पण त्याचं दुःख मोठं नव्हतं. आता मोठ्या आगीची हाक आली तर मागे कोण उभं राहणार, या विचाराने मी बंबावर पडल्या पडल्या घाबरत असे.

उन्हाळ्यात एका दुपारी फोन वाजला. कापसाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, आग लागली होती. बजरंगने बूट ओढले.

"तू थांब," साहेब म्हणाले. "ना-हरकतीचे अर्ज आज वर गेले पाहिजेत. मकसूद आहे, गाडीवर शहादेव आहे. बास झालं."

बंब निघाला. बजरंग दारात उभा होता. एक पाय बुटात, एक पाय चपलेत.

जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग धडाडून पेटले होते. मकसूदने मला मागून धरायला तिथलाच एक हमाल घेतला.

"मामा, काय बी झालं तरी सोडू नका."

"न्हाई सोडत, बाळा."

भला माणूस होता. पण त्याला माझी ओळख नव्हती. बंब चालवणाऱ्या शहादेवने पाणी सोडलं, मी फुगले आणि पहिल्याच झटक्याला त्याने घाबरून हात काढले.

मित्रांनो, पुढचं सांगताना आजही माझा धागा न् धागा थरथरतो. मी मकसूदच्या हातातून निसटले आणि वेड्यासारखी आपटू लागले. माझं पितळी तोंड, त्यानेच घासलेलं, त्याच्या खांद्यावर बसलं. तो पेटत्या ढिगापाशी पडला. मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. त्याला ओढायला धावलेल्यांनाही मी जवळ येऊ देत नव्हते. शहादेवने पाणी बंद केलं, तेव्हा कुठे मी जमिनीला टेकले. लोकांनी त्याला बाहेर काढलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, हात भाजला होता. जीव मात्र होता.

संध्याकाळी साहेब दवाखान्यातून परतले, तेव्हा शहादेव त्यांच्यापुढे उभा राहिला. "साहेब, कारकुनाचा पगार वाचवला म्हन्ता. मग बजरंगला शिकवायला घातलेला पैसा कशापायी व्हता? टाईप करायला?"

 दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः नगरपालिकेत गेले आणि कारकून मागून आले.

अशी सत्यशीला आली. आल्या आल्या म्हणाली, "बजरंगभाऊ, मला आग इझवता येत न्हाई, अर्ज लावता येतात. उठा माझ्या खुर्चीवरून."

बजरंग इतका पटकन उठला, की सगळे हसले. सत्यशीलाचा पगार फायरमनहून कमी, आणि तिला आगीत उभं राहायचं शिकवायला खर्चही नाही. टेबलाचं काम स्वस्तात झालं आणि बजरंगच्या शिकवणीवर घातलेला पैसाही वाया गेला नाही.

काही महिन्यांनी मकसूद परत आला. मैदानात सराव होता. त्याने मला उचललं, पण माझं पितळी तोंड अंगापासून लांबच धरलं.  आम्ही दोघं एकमेकांना भ्यालो होतो. शहादेव पंपापाशी वाट पाहत होता. मकसूद पाणी मागेना.

तेवढ्यात त्याच्या पाठीला खांदा टेकला. "हाय बे मी. खुर्चीवर न्हाई, तुझ्या मागं हाय."

"सोड पाणी!" मकसूद ओरडला.

पाणी आलं. मी उसळले, पण दोन माणसांच्या मुठीत सरळ राहिले.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी नळी असेल. तिला धुवा, वाळवा. आणि तिला धरायला शिकलेली माणसं टेबलापाशी अडकली असतील, तर मोठ्यांना सांगून त्यांना बाहेर आणा. मला एकट्या माणसाच्या हाती देऊ नका. मला अजूनही माझी भीती वाटते.