पालथा हात

मशीन बदललं की सगळं ठीक होईल, असं मी आणि बाबांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे बाबांनी ठरवलं, मी मान डोलावली. मान डोलावणाऱ्यातली मी नाही, घरात कुणालाही विचारा. पण गेल्या महिन्यात त्यांच्या हातून एका होडीच्या टोकावरचा चकचकीत थर जळाला, आतलं फायबर दिसायला लागलं, आणि होड्यांच्या यार्डातला मुकादम माझ्यादेखत त्यांना म्हणाला, "काका, अजून एक डाग पडला तर घरीच बसा." तीस वर्षं होड्या चमकवणाऱ्या माणसाला! बाबा म्हणाले, पॉलिशचं मशीन म्हातारं झालंय, वेग आवरत नाही. मीही तेच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी गडद निळी होडी पॉलिशला घ्यायची होती. निळ्यावर काही लपत नाही. म्हणून आम्ही मशिनांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने दोन मशिनं पुढे ठेवली. एक जड, नुसतं गरगर फिरणारं. काम झटपट, पण एका जागी जरा जास्त रेंगाळलं की खालचा थर तापून जळतो. दुसरं हलकं, फिरता फिरता डुलणारं. वेळ दुप्पट लागतो, पण मुद्दाम जाळायचं म्हटलं तरी सहसा जळत नाही.

"हे खेळणं कुणाला?" बाबांनी हलक्याकडे बघून नाक मुरडलं.

"वेळ लागला तर लागू दे की," मी म्हणाले.

"मॅडमना घाई नसते," बाबा दुकानदाराला म्हणाले. "तिशी आली, लग्नाचीसुद्धा घाई नाही."

दुकानदार हसला आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे जुन्या होडीचा कापलेला तुकडा टेबलाला आवळून ठेवला होता. बाबांनी जड मशीन उचललं.

त्यांची एक पद्धत आहे. हातभर जागा झाली की मशीन उचलायचं आणि तिथे पालथा हात, म्हणजे हाताची मागची बाजू, टेकवायचा. कोमट असेल तर पुढे जायचं, चटका बसला तर थांबायचं. ताप मोजायचं यंत्र वापरणाऱ्यांना ते हसतात. बारा वर्षं मी मशीनची वायर खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे उभी असते, ती होडीला घासू नये म्हणून. तो पालथा हात मी हजारदा पाहिलाय.

तसाच त्यांनी तो टेकवला. "गार आहे. अजून चालेल."

मला जळका वास आला. गेल्या महिन्यात आला होता तोच. मी तुकड्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बाबांचा हात मात्र अजून तिथेच होता, निवांत. उचलला तेव्हा मागून लालबुंद झाला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

म्हणजे मशीनचं काही चुकलंच नव्हतं. इतकी वर्षं थरथरतं यंत्र धरून धरून त्यांच्या हाताची जाणीव गेली होती. बोलून दाखवून तो हात परत येणार होता का? दुकानदार उगाच पॅडची खोकी सारखी करायला लागला.

तुकड्यावर पिवळट डाग पडला होता. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला. "तुकडाच जुना आहे," ते म्हणाले.

"जुनाच आहे," मी म्हणाले. "पण आपण हलकं घेऊ. जड माझ्या मनगटाला झेपणार नाही. उद्यापासून मीही थोडं पॉलिश मारीन म्हणते."

आदल्याच आठवड्यात मी भरलेला सिलेंडर दोन जिने चढवला होता, आणि खाली तो माझ्या खांद्यावर ठेवून दिला होता बाबांनीच. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बांधा ते खेळणं," शेवटी ते दुकानदाराला म्हणाले. "पोरीच्या मनगटात जोर नाही."

सकाळी यार्डात मी मशीन पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. वाकून वायर उचलली, स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले. मी हातभर जागा केली. सवयीने त्यांनी पुढे होऊन पालथा हात टेकवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढून घेतला.

"तू लाव," ते म्हणाले. "काय लागतंय?"

"गार आहे, बाबा."

"मग चालू ठेव," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी होडीला पुन्हा हात लावला नाही.