सत्यभामाआजीच्या कोंबड्या

संध्याने पट्टी सोडली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. पाचव्या दिवशी जखम सुकायला हवी होती. ही तर उलट सुजली होती आणि कडेने पू धरला होता.

मोहफुलं वेचताना सत्यभामाआजीच्या तळपायात बांबूचा खुंट घुसला होता. डॉक्टरांनी रोज दोन अशा सात दिवसांच्या कॅप्सूल दिल्या होत्या आणि पट्टी बदलायला आजी गावच्या उपकेंद्रात नर्स संध्याकडे यायची. तेंदूपत्त्याची तोडणी बारा दिवसांवर आली होती. तो हंगाम हुकला की आजीचं वर्षच हुकायचं.

संध्या आमगावची. नोकरीची सहा वर्षं झालेली, आणि तिच्या बोलण्यात 'बहुतेक' हा शब्द कधीच नसायचा.

"कॅप्सूलचं पाकीट दाखवा, आजी."

पाकीट रिकामं होतं. चार तरी उरायला हव्या होत्या.

"कुठं गेल्या?"

"कोंबड्यायले देल्ल्या."

"कायले?" संध्याच्या तोंडून घरची बोली निसटली.

"मानमोडी आली न, बाई. पटापट मरून राहिल्या होत्या. कॅप्सूल फोडून कणीत कालवली अन् चारली. मी दोनच खाल्ल्या. माहा पाय कुठं मरून राहिला होता?"

"मग वाचल्या कोंबड्या?"

"एक बी नाई."

संध्याला सणसणून राग आला. "पाय कापायची पाळी आली असती, आजी! काऊन केलं असं?"

"तुमीच त सांगतलं सभेत, या औषधानं जंतू मरते म्हणून. मंग कोंबड्यायले काय झालं होतं, जंतूच न?"

सांगितलं होतं खरं. 'जंतू' म्हणून ती मोकळी झाली होती. संध्याने स्टूल ओढलं आणि आजीच्या पायाशी बसली.

"चुकलं माझं. जंतू एका जातीचे नसतात, आजी. तुमच्या पायात आहेत ते जिवाणू. स्वतः खातात, स्वतः वाढतात, आणि कॅप्सूलने मरतात. मानमोडीचा असतो विषाणू. त्याला ना चूल ना घर. तो कोंबडीच्या अंगात घुसतो आणि तिच्याच जिवावर आपली पिलावळ वाढवतो. कॅप्सूल त्याचं काहीच करू शकत नाही. त्यासाठी आधीच लस टोचावी लागते."

आजीने क्षणभर विचार केला.

"म्हंजे कोयल. कावळ्याच्या खोप्यात अंडे घालते, तशी."

"अगदी तशी," संध्या म्हणाली. सहा वर्षांत तिला इतकं सोपं सुचलं नव्हतं, आणि याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

डॉक्टरांना फोन झाला, नवं पाकीट आलं. सकाळची कॅप्सूल आजीने रोज संध्यासमोर गिळली, संध्याकाळची घरी. आठव्या दिवशी ती काठी न घेता आली. जखमेवर कोरडी खपली धरली होती.

संध्या मात्र दोन दिवसांपासून शिंकत होती. नाक लालबुंद झालेलं, आणि उद्या लसीकरणाचं शिबिर. तिने पर्समधून मागे कधीतरी उरलेलं कॅप्सूलचं पाकीट काढलं आणि ग्लासात पाणी ओतलं.

आजी पायात चप्पल सरकवत होती. तिने मान वर केली.

"बाई, तुमची सर्दी पायवाली हाये का कोंबडीवाली?"

संध्याचा हात थांबला. तिने पाकीट टेबलावर ठेवलं आणि नुसतंच पाणी प्यायली.